बोटीच्या तारखेवर चालणारी गावं

इंडोनेशियाच्या नकाशात अगदी वर, फिलिपिन्सला खेटून, मियांगास नावाचा एक ठिपका आहे. तास-दीड तासात पायी फिरून व्हावं एवढंच बेट. पण आंतरराष्ट्रीय कायदा शिकणाऱ्यांना ते चांगलं ठाऊक असतं, कारण प्रसिद्ध ‘पाल्मास बेटाचा खटला’ तो याच बेटाचा. १८९८च्या पॅरिस तहानुसार फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात गेलं. पुढे १९०६ साली एक अमेरिकी जनरल या बेटावर उतरला, तर तिथे डच झेंडा फडकत होता. वाद हेगला लवादाकडे गेला आणि १९२८ साली माक्स हुबर या स्विस न्यायविदाने बेट डचांना दिलं. कोणी आधी पाहिलं हे पुरेसं नाही, तिथे सातत्याने कारभार कोण चालवतं ते बघायचं, असं त्या निकालाचं सूत्र होतं.

डच गेले, इंडोनेशिया आला. २०१६ साली राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी मियांगासवर विमानतळाचं उद्घाटन केलं. बेटावरची वस्ती हजाराच्या आत आहे. झेंडा आहे, सैनिकांची तुकडी आहे, धावपट्टीही आली. मात्र तांदूळ, सिमेंट, डिझेल आजही जहाजानेच येतं, आणि समुद्र उठला की येत नाही. हुबरची कसोटी इंडोनेशियाच्या दूरच्या बेटांना आज लावून पाहिली तर कारभार दिसतो, सातत्य दिसत नाही. या गावांबद्दल लिहिताना काही जण निळ्या पाण्याचा स्वर्ग रंगवतात, काही जण मागासलेपणाची करुण कहाणी सांगतात. मला दोन्हींत फारसा अर्थ वाटत नाही. बेट किती दूर आहे यापेक्षा तिथे बोट कधी येते, मालाला भाव कोण ठरवतं आणि जमीन-पाण्याबद्दल ‘नाही’ म्हणायचा हक्क गावाला आहे का, यावर तिथलं आयुष्य अवलंबून असतं.

आधी आवाका पाहू. देशात १७ हजारांवर बेटं आहेत आणि लोकसंख्या सुमारे २८ कोटी. त्यातली निम्म्याहून अधिक माणसं एकट्या जावा बेटावर राहतात, आणि जावाचा वाटा देशाच्या जमिनीत जेमतेम ७ टक्के. त्यामुळे रस्ता, कारखाना, निवडणूक, बातमी, सगळं जावाच्या मापाने बेतलं जातं. देशातली गावं साधारण ७५ हजार. पूर्वेकडच्या मालुकू, नुसा तेंगारा आणि पापुआ प्रांतांत यातली अनेक गावं अशी आहेत, जिथून तालुक्याला जायलाही होडी लागते.

तिथला सगळा दिनक्रम बोटीभोवती फिरतो. ‘पेल्नी’ या सरकारी कंपनीची मोठी जहाजं मुख्य बंदरांना जोडतात. त्यांच्या पलीकडच्या बेटांसाठी सरकारी अनुदानावर चालणारी ‘पेरिंतिस’ नावाची छोटी जहाजं असतात. ती एका फेरीत अनेक बेटं घेतात, म्हणून एका गावाची पाळी दोन आठवड्यांनी येते, कधी त्याहून उशिरा. धक्का नसेल तर जहाज खोल पाण्यात थांबतं आणि माणसं, पोती, गॅसच्या टाक्या, बकऱ्या, सगळं होड्यांतून उतरवावं लागतं. डिसेंबर ते फेब्रुवारी पश्चिमेचा वारा आणि जून ते ऑगस्ट पूर्वेचा. या महिन्यांत फेरी पुढे ढकलली जाते किंवा रद्दच होते. मग दुकानातली साखर संपते, अंडी दिसेनाशी होतात, आणि ताजी मासळी पकडूनही ती विकायला नेता येत नाही.

२०१५ साली सरकारने ‘तोल लाउत’, म्हणजे समुद्रावरचा महामार्ग, या नावाची योजना आणली. ठरलेल्या मार्गांवर अनुदानाची मालवाहू जहाजं नेमाने चालवायची, म्हणजे पूर्वेकडच्या बेटांवरचे भाव उतरतील, अशी कल्पना होती. काही ठिकाणी ते उतरलेही. पण जावाहून भरून निघालेलं जहाज परतताना बरंचसं रिकामं येतं, ही या योजनेची दुखरी बाजू. तिकडे माल नाही असं नाही. खोबरं आहे, सुकी मासळी आहे, लवंग आहे. पण जहाजाच्या दिवशी तो एका जागी, वाळवून, पोत्यांत भरून तयार ठेवायला गोदाम लागतं, बर्फ लागतो आणि हातात थोडा पैसाही लागतो. जहाजाबरोबर या गोष्टी आल्या नाहीत. स्वस्त भाड्याची जागा मोजक्या व्यापाऱ्यांनी अडवल्याच्या तक्रारीही झाल्या. इंधनाचंही तेच. २०१७पासून देशभर एकच भाव ठेवायचं धोरण आहे आणि पंपावर तो असतोही. ज्या गावात पंपच नाही तिथे मात्र पेट्रोल किराणा दुकानात बाटलीने मिळतं आणि भाव दुकानदार सांगेल तो.

बोटीपाठोपाठ येतो तो सावकार. सुलावेसीच्या किनाऱ्यावरच्या बेटांवर त्याला ‘पुंगावा’ म्हणतात. इंजिन, जाळं, डिझेल, मुलाच्या लग्नाचा खर्च, आजारपण, सगळ्यासाठी तो आगाऊ रक्कम देतो, आणि मासळी त्यालाच, त्याच्याच भावाने द्यावी लागते. त्याला नुसता खलनायक ठरवणं सोपं आहे. पण बँकेची शाखा समुद्रापलीकडे असताना रात्री अकरा वाजता पैसे देणारा गावात तो एकटाच असतो. हाँगकाँगच्या हॉटेलांसाठी सायनाइड वापरून जिवंत मासे पकडायचा धंदा आणि सुरुंगाने मासे मारायची रीत या कर्जाच्या साखळीतूनच फोफावली. प्रवाळ मेलं, मासे आणखी लांब गेले, डिझेल जास्त लागू लागलं आणि कर्ज वाढलं.

अशा परिस्थितीत समुद्री शेवाळाच्या शेतीने अनेक गावांना खरा हात दिला. उथळ पाण्यात दोऱ्या ताणायच्या, त्यांना शेवाळाचे तुकडे बांधायचे आणि साधारण ४५ दिवसांनी पीक काढायचं. बायका-मुलं दोऱ्या बांधतात. माल वाळवला की तो नासत नाही, त्यामुळे बोट आठवडाभर उशिरा आली तरी चालतं. बोटीच्या तारखेवर जगणाऱ्या गावाला याहून सोयीचं पीक शोधून सापडणार नाही. या शेवाळापासून कॅरेजीनन निघतं आणि ते आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत सगळीकडे जातं. इंडोनेशिया या जातीच्या शेवाळाचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक आहे.

या पिकाने पैसा दिला तसा गावांना एक मोठा लढाही लढायला लावला. २१ ऑगस्ट २००९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यापलीकडच्या मोंतारा तेलविहिरीचा स्फोट झाला आणि दोन महिन्यांहून अधिक काळ तेल समुद्रात वाहत राहिलं. रोते बेटावर आणि कुपांगच्या किनाऱ्यावर शेवाळ पांढरं पडून मेलं. शेवाळाच्या पैशावर शिकायला गेलेली मुलं घरी परतली. विहीर चालवणारी कंपनी थायलंडच्या सरकारी तेल कंपनीची उपकंपनी होती. तेल तुमच्यापर्यंत पोचलंच नाही, किंवा पोचलं तरी नुकसान होण्याइतकं नव्हतं, असं तिचं म्हणणं. शेतकऱ्यांनी २०१६ साली ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयात सामूहिक दावा लावला. २०२१ साली न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, आणि २०२२च्या अखेरीस १९ कोटी २५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड झाली. लाभार्थी १५ हजारांहून अधिक होते. नुकसानापासून तडजोडीपर्यंत १३ वर्षं गेली. दूरच्या गावाचा आवाज बाहेर पोचतो, पण किती वर्षांनी, हे यातून कळावं.

‘दूर’ म्हणजे तरी कुणापासून, हा प्रश्न बांदा बेटांवर सर्वांत टोचतो. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जगातलं जवळपास सगळं जायफळ आणि जायपत्री याच मूठभर बेटांवरून येत असे. आपल्या श्रीखंडात आणि पुरणात पडणारं जायफळ मुळात तिथलं. त्या व्यापारावर मक्ता मिळवण्यासाठी डच ईस्ट इंडिया कंपनीच्या यान पीटर्सझोन कूनने १६२१ साली बांदाची वस्ती जवळपास पुसून टाकली. सुमारे १५ हजारांतले हजारभरही तिथे उरले नाहीत. काही जण निसटून केई बेटांवर गेले आणि त्यांचे वंशज आजही तिथे बांदाची भाषा बोलतात. १६६७च्या ब्रेडा तहात इंग्रजांनी रून या बांदामधल्या बेटावरचा हक्क सोडला आणि डचांनी मॅनहॅटनवरचा. पुढे इंग्रजांनीच जायफळाची रोपं श्रीलंका, पेनांग, ग्रेनाडापर्यंत नेली आणि मक्ता संपला. आज आपल्याकडे दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ या जायफळाच्या जाती नारळी-पोफळीच्या सावलीत लागतात. रूनच्या गावात अजूनही जायफळ अंगणात चटईवर वाळतं, पण ते ज्या भावाने जातं तो भाव अंबोन आणि सुराबायाचे व्यापारी ठरवतात. हे बेट एकेकाळी जगाच्या केंद्रापाशी होतं. समुद्रातली त्याची जागा तसूभरही हललेली नाही.

शाळा आणि दवाखाना यांबद्दल थोडक्यात. प्राथमिक शाळा बहुतेक गावांत आहे, पुढची शिकायची तर मुलाला शहरात भाड्याच्या खोलीत ठेवावं लागतं, आणि एकदा गेलेलं मूल सहसा परत येत नाही. २०१०पासून ‘इंडोनेशिया मंगाजार’ ही संस्था ताज्या पदवीधरांना वर्षभरासाठी अशा गावांत शिकवायला पाठवते. उपक्रम चांगला आहे, पण वर्षाने तरुण निघून जातो आणि कायमच्या शिक्षकाची खुर्ची रिकामीच राहते. २०१४पासून राष्ट्रीय आरोग्य विमा आहे, गावकऱ्याच्या खिशात कार्डही आहे. गावातली सुईण-परिचारिका बहुतेक बाळंतपणं सांभाळते. अडलेली बाई मात्र होडीतूनच न्यावी लागते. २०१०च्या ऑक्टोबरात मेंतावाई बेटांवर त्सुनामीने चारशेहून अधिक माणसं गेली, तेव्हा मदतीची जहाजंही खवळलेल्या समुद्रामुळे अडकून पडली होती.

स्थलांतराबद्दल थोडक्यात बोलणं बरोबर नाही. पूर्व नुसा तेंगारा प्रांतातल्या बेटांवरून पिढ्यानपिढ्या माणसं मलेशियातल्या साबाला तेलताडाच्या मळ्यांत जातात. आदोनारा आणि लेम्बाता या बेटांवरची पक्की घरं पाहिली की त्यातल्या विटा कुठल्या पैशाच्या, हे विचारावं लागत नाही. यातले बरेच जण कागदपत्रांविना जातात. अलीकडच्या काही वर्षांत या एका प्रांतात परदेशातून वर्षाला शंभरावर मजुरांच्या शवपेट्या आल्या आहेत. गावात राहतात ती म्हातारी माणसं, लहान मुलं आणि पैशाची वाट पाहणाऱ्या बायका.

पैसा सरकारकडूनही येतो, आणि तो थोडाथोडका नाही. २०१४च्या ग्रामकायद्याने प्रत्येक गावाला थेट निधी मिळू लागला. २०१५ साली हा ‘दाना देसा’ सुमारे २० लाख कोटी रुपियांचा होता, २०१९ साली ७० लाख कोटी. सरासरी काढली तर गावामागे एक अब्ज रुपियांच्या आसपास, आपल्या हिशेबाने पन्नासेक लाख रुपये. छोटे धक्के, पायवाटा, विहिरी, जनरेटर यांतून झाले आणि गावाच्या सभेत पैशावर भांडायची सवयही लागली. ती मला धक्क्यापेक्षा मोलाची वाटते. दुसरीकडे अनेक गावप्रमुख अपहाराच्या आरोपात तुरुंगात गेले. २०२४च्या दुरुस्तीने गावप्रमुखाची मुदत सहा वर्षांवरून आठ केली. मागणी खुद्द गावप्रमुखांच्या संघटनांची होती, आणि ती निवडणुकीच्या हंगामात मान्य झाली. जिथे लेखापरीक्षकही पंधरवड्याच्या बोटीने येतो, तिथे आठ वर्षं फार होतात.

टॉवरची गोष्ट तर सांगावी की न सांगावी अशी. समुद्राखालून देशभर टाकलेलं ‘पालापा रिंग’ हे फायबरचं जाळं २०१९ साली पुरं झालं. दूरच्या गावांत मोबाइलचे टॉवर उभारायची पुढची योजना होती. तिच्यातल्या घोटाळ्यात सुमारे ८ लाख कोटी रुपियांचं नुकसान झाल्याचं ठरलं आणि दळणवळण मंत्री जॉनी प्लाते यांना २०२३ साली १५ वर्षांची शिक्षा झाली. ते स्वतः पूर्व नुसा तेंगाराचे. त्यानंतर २०२४च्या मे महिन्यात स्टारलिंकचं उपग्रहावरचं इंटरनेट आलं. सरकारी टॉवरची वाट पाहून थकलेल्या गावांत आता एखादा दुकानदार ताटली बसवून तासावर सिग्नल विकतो.

याच्या उलट उदाहरण सुंबा बेटावरच्या कामांगिह गावाचं. तिथे ओढ्यावर ३७ किलोवॅटचा छोटा जलविद्युत संच बसला, तोही गावच्या सहकारी संस्थेच्या मालकीचा. वीजबिल गावच गोळा करतं, बिघडलं तर दुरुस्त करणारी माणसंही गावचीच, आणि सरकारी विजेच्या तारा आल्यावर संस्था उरलेली वीज सरकारी कंपनीला विकू लागली. या कामामागच्या ‘इबेका’ संस्थेच्या त्री मुम्पुनी यांना २०११चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जळगाव जिल्ह्यातल्या बहादरपूरच्या नीलिमा मिश्रा त्याच वर्षीच्या मानकरी. दोघींच्या कामात काही फार वेगळं तंत्रज्ञान नव्हतं, हिशेबाची वही गावाच्या हातात होती.

मालकीची अशी सवय गावांना नवी नाही. मालुकूमध्ये ‘सासी’ नावाची रीत आहे. समुद्रकाकडी, शंख, नारळ किंवा जायफळ ठरावीक काळ कोणी काढायचं नाही, गावकीने मोकळीक दिल्यावरच काढायचं. चर्चमध्ये किंवा मशिदीत प्रार्थना होऊन बंदी लागते आणि मोडणाऱ्याला दंड होतो. हारुकू बेटावर ‘लोम्पा’ माशांसाठी ही बंदी पाळली जाते आणि मासे काढायच्या दिवशी सगळं गाव पाण्यात उतरतं. तिथल्या राखणदारांना १९८५ साली सरकारने ‘कालपतारू’ हा पर्यावरणाचा पुरस्कार दिला. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७च्या त्सुनामीची आठवण गाण्या-गोष्टींतून टिकली होती. म्हणून २००४ साली सुमारे ७८ हजारांच्या वस्तीत फक्त सात माणसं दगावली.

पण परंपरेला नुसतं देव्हाऱ्यात बसवून चालत नाही, हे लेम्बाताच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लामालेरा गावात कळतं. दोनेक हजार वस्तीचं हे कॅथलिक गाव हाताने भाला मारून दंतुर देवमाशाची शिकार करतं. होडी खिळ्यांशिवाय, लाकडी खुंट्यांनी जोडलेली. नाळेवरच्या बांबूच्या टोकावरून ‘लामाफा’ भाला घेऊन अंगाच्या वजनासकट देवमाशावर झेप घेतो. मांसाचे वाटे होडी बांधणाऱ्याच्या घराण्यापासून विधवेपर्यंत नेमून दिलेले असतात. उरलेलं सुकवून बायका वुलांदोनीच्या बाजारात डोंगरावरच्यांशी मका-केळ्यांवर अदलाबदल करतात. १९७०च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने ही शिकार यांत्रिक करायला तज्ज्ञ धाडला, काही वर्षांत तो प्रयोग गुंडाळला गेला. नंतर वारं उलटं फिरलं आणि संवर्धनवाले शिकार थांबवायला आले. २००९ साली सावू समुद्रात राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, तेव्हा गावाने इतका विरोध केला की लेम्बाताचं पाणी त्यातून वगळावं लागलं. दरम्यान गावानेच आउटबोर्ड इंजिनं आणली, मुलांना धर्मगुरू आणि शिक्षक केलं, आणि आज लामाफा व्हायला इच्छुक पोरं कमी होत चालली आहेत. शिकार बंद व्हावी की नाही यावर बाहेर खूप बोललं जातं. माझ्या मते ती कायद्याने नाही, वल्हं मारणाऱ्या हातांच्या अभावी थांबेल.

आता खरं संकट. ते निकेल आणि सोन्याच्या रूपात आलं आहे, काही ठिकाणी पर्यटनाच्याही. २००७च्या कायद्यानुसार दोन हजार चौरस किलोमीटरपर्यंतचं बेट ‘लहान’ ठरतं आणि तिथे खाणकामाला मोठा अटकाव आहे. तरी जानेवारी २०२१मध्ये सांगिहे बेटावर सोन्याच्या खाणीसाठी ४२ हजार हेक्टरचा परवाना दिला गेला, म्हणजे निम्म्याहून अधिक बेट. गावातल्या बायका कोर्टात गेल्या आणि जानेवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल कंपनीच्या विरोधात लागला. बेकायदा छोट्या खाणी मात्र पुढेही चालूच राहिल्या. वावोनी बेटावर निकेल कंपनीने घटनात्मक न्यायालयात कायद्याच्या कलमांनाच आव्हान दिलं, ते मार्च २०२४मध्ये फेटाळलं गेलं. राजा अम्पातमध्ये जून २०२५च्या गदारोळानंतर पाचपैकी चार कंपन्यांचे परवाने रद्द झाले, सरकारी कंपनीची गाग बेटावरची खाण तेवढी वाचली. बॅटरीवरच्या गाड्यांनी जगाची हवा सुधारेल, पण त्यांच्या निकेलसाठी बेटावरची लाल माती पावसाबरोबर प्रवाळावर उतरते.

पर्यटनाचा चेहरा हसरा असला तरी हिशेब फार वेगळा नाही. २०१९ साली कोमोडो बेट वर्षभर बंद करून तिथल्या सुमारे दोन हजार रहिवाशांना हलवायची घोषणा झाली. ओरड झाल्यावर ती मागे घेतली गेली. २०२२ साली हाल्माहेराजवळच्या विदी द्वीपसमूहाच्या विकासहक्कांचा लिलाव न्यूयॉर्कच्या लिलावगृहातून होणार होता, तोही लांबणीवर पडला. त्यामानाने राजा अम्पातची गावकऱ्यांच्या मालकीची होमस्टे बरी. खाट साधी, जेवण घरचं आणि पैसा गावात.

दूरपणाचा फायदा घेणारेही असतात. आरू बेटांवरच्या बेंजिना गावात परदेशी खलाशांना गुलामासारखं डांबून मासेमारी करून घेतली जात होती. २०१५ साली असोसिएटेड प्रेसच्या पत्रकारांनी ते उघड केलं आणि दोन हजारांवर माणसं सुटली. त्याआधी याच बेटांवर सुमारे पाच लाख हेक्टर ऊस लावायचा घाट घातला गेला होता, तो स्थानिकांच्या चळवळीने २०१४ साली मोडून काढला. हवामानबदलही दारात आहेच. भरतीचं पाणी विहिरींत शिरून त्या खाऱ्या होतात आणि वाऱ्याचे महिने पूर्वीसारखे नेमाने येत नाहीत. पारी बेटावरच्या चौघांनी तर २०२३च्या सुरुवातीला होल्सिम या सिमेंट कंपनीवर थेट स्वित्झर्लंडच्या झुगमध्ये दावा लावला.

मग या गावांचं पुढे काय? काही रिकामी होतील, विशेषतः जिथे पाणी खारट झालं आहे. काही खाणीखाली जातील. पण बरीचशी टिकतील, आणि त्यासाठी नवी भव्य योजना लागणार नाही. २००७चा कायदा आहे तसा राबवला तर खाणींचा प्रश्न निम्मा सुटतो. नवी धावपट्टी बांधण्याऐवजी तोच पैसा पंधरवड्याची बोट आठवड्याला आणण्यात, धक्क्याजवळ गोदाम आणि बर्फाचा कारखाना चालू ठेवण्यात आणि गावातल्या दोन मुलांना इंजिन दुरुस्त करायला शिकवण्यात घातला, तर सावकाराची पकड आपोआप सैल होते. यातलं काहीच उद्घाटनाच्या फोटोत शोभून दिसत नाही, आणि म्हणूनच ते होत नाही.